भिंतीवरचा डावा पाय

१

शुक्रवारी सकाळी मजुरांनी पायाडावरच्या आडोशाच्या चटया खाली ओढल्या आणि कप्तान ओत्तोबोनो देल्ला ग्यारा अख्ख्या चौकाला दिसला. नगरसभेच्या भिंतीवर, तीन पुरुष उंचीवर, डाव्या पायाला दोर बांधून उलटा टांगलेला. जीभ बाहेर आलेली, केस खाली लोंबलेले, शेजारी ठळक अक्षरांत त्याचं नाव आणि नावापुढे ‘फितूर’. खरा कप्तान त्याच भिंतीमागच्या तळघरात साखळीला बांधलेला होता आणि शनिवारी दुपारी त्याचं डोकं उडवायचं होतं.

फितुराला मारण्याआधी असा रंगवायचा, ही मोन्तेविरा शहराची जुनी रीत. लोक हौसेने आले होते. कुणी सडके सलगम फेकत होतं, कुणी पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होतं. याच लोकांनी वसंतात, कप्तान शेजारच्या वैरी पिएत्राल्बा शहराच्या फौजेचा धुव्वा उडवून आला तेव्हा, त्याच्या घोड्यापुढे फुलं टाकली होती. मी ते पाहिलं होतं, म्हणून त्या सकाळी मला गर्दीची शिसारी आली.

मी लान्दुच्चो, न्यायाधीश मेस्सेर तेबाल्दो यांचा लेखनिक. मोन्तेविरा आपला न्यायाधीश सहा महिन्यांसाठी परगावाहून आणते, म्हणजे त्याचा इथे कुणी सोयरा नको. इथल्या कुणाच्या घरी जेवायचीसुद्धा आम्हाला मनाई. अकरा वर्षं मी साहेबांबरोबर गावोगाव हिंडतोय आणि परक्या स्वयंपाक्यांचं कच्चं मटण चावतोय.

खटला म्हणावा तर अर्ध्या तासाचा होता. बुधवारी दुपारी एक फेरीवाला वेशीवर अडवला गेला. तो पळाला, पहारेकऱ्याने बाण मारला आणि तो जागीच मेला. त्याच्या बुटात चिठ्ठी निघाली: संत लुकाच्या सणाला मी पिएत्राल्बासाठी वेस उघडीन. अक्षर कुणाचं ते कळेना, पण खाली कप्तानाच्या अंगठीची मोहोर होती. फेरीवाला एक शब्दही न बोलता मेल्यामुळे सगळ्यांची सोय झाली. तासाभरात कप्तान जेवणाच्या टेबलावरून साखळीत गेला.

आता फक्त साहेबांची सही राहिली होती. साहेब मात्र चौकात उभे राहून चित्राकडे बघत होते, आणि तेही कप्तानाच्या तोंडाकडे नाही, पायाकडे.

“शिडी आण,” ते म्हणाले.

पन्नाशीचा न्यायाधीश लाल झगा सावरत शिडी चढला तेव्हा गर्दीत खसखस पिकली. साहेबांनी पालथा हात आधी चित्राच्या वरच्या भागावर टेकवला, मग एकेक पायरी उतरत मांडीवर, पोटावर, छातीवर, शेवटी तोंडावर. नाडी बघणारा वैद्य असतो तसे ते थांबून थांबून उतरले. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“लान्दुच्चो, या माणसाने फितुरी करायच्या आधीच कुणीतरी त्याला फितूर रंगवलाय,” ते हळूच म्हणाले.

२

साहेबांच्या झग्याच्या बाह्या मनगटाच्याही खाली येतात. त्याचं कारण फक्त मला ठाऊक आहे. त्यांचा बाप चुन्याची भट्टी लावायचा, आणि साहेबांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चुन्याने भाजल्याचे डाग आहेत. मोठ्या घरचे न्यायाधीश त्यांना आपल्यात बसवतात ते ही गोष्ट माहीत नाही म्हणूनच.

चित्रकार मास्त्रो नुत्सियो पायाडाखाली कुंचले धूत बसला होता. गुबगुबीत, बोलघेवडा माणूस, गावातल्या निम्म्या संतांची तोंडं त्याच्या हातची.

“चित्र झकास झालंय,” साहेब म्हणाले. “किती दिवस लागले?”

“दोन, साहेब. बुधवारी दुपारी हुकूम आला. माझा हात चालतो म्हणून निभावलं.”

“आणि चटया गेल्या आठवड्यापासून बांधल्या होत्या त्या?”

“तिथे संत क्रिस्तोफोरो रंगवायचे होते. सभेने बेत बदलला.”

साहेबांनी त्याच्याच बादलीतला फडका उचलला आणि पुन्हा शिडी चढून टांगलेल्या पायावर घासला. फडका कोराच राहिला.

“रंग सुक्या भिंतीवर दिला असता तर इथे लागला असता,” साहेब फडका दाखवत म्हणाले. “तू रंग ओल्या गिलाव्यात दिलास. चुना ओला असतानाच रंग पितो, दुसऱ्या दिवशी पीत नाही. म्हणून तू रोज सकाळी एका दिवसाच्या कामापुरताच गिलावा चढवतोस, वरून खाली. प्रत्येक दिवसाचा सांधा दिसतो, बोटाला लागतोही. मी पाच मोजले. दोर आणि पाय, मग मांड्या, पोट, छाती, आणि शेवटी तोंड. तोंडाचा चुना अजून गार आहे, म्हणजे तो कालचा. पायाचा पांढरा फटक आणि कोरडा आहे. रविवारी तू काम करत नाहीस. गुरुवार, बुधवार, मंगळवार, सोमवार आणि त्याआधीचा शनिवार. चिठ्ठी सापडली बुधवारी. तू शनिवारी कुणाचा पाय रंगवत होतास? संत क्रिस्तोफोरो तर उलटे टांगलेले नसतात.”

नुत्सियोच्या हातातला कुंचला बादलीत पडला.

“घाईत सुक्यावर रंगवून दिलं असतंस तर कुणाला काही कळलं नसतं,” साहेब म्हणाले. “तू चांगला कारागीर आहेस, तेच अंगाशी आलं.”

“सुक्यावरचं चित्र दोन पावसाळ्यांत गळून पडतं, साहेब,” तो पुटपुटला. “लोक नावं कुणाला ठेवतात? मला.”

“हुकूम कुणी दिला?”

“सभेचा हुकूम होता. मला बायको आहे, चार पोरी आहेत. यापुढे मला काही विचारू नका.”

“कप्तान तुझ्यासमोर कधी बसला नाही. मग त्याला रंगवलंस कसा?”

“तोंड सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बाकी कुणी येऊन मला काही सांगितलं नाही, आईची शपथ. फक्त ती वस्तू पिशवीत घालून...”

त्याने जीभ चावली. साहेबांनी मान वर केली. त्यांच्याबरोबर मीही पहिल्यांदाच तो पाय नीट पाहिला. उलट्या टांगलेल्या माणसाचा तळवा आकाशाकडे असतो. त्या बुटाच्या तळाला लोखंडाची खरबरीत पट्टी होती, तिच्यावर चार खिळे. तीन काळे होते आणि एक पिवळा.

३

कप्तानाची बायको मादोन्ना तादेआ धान्यबाजारामागच्या तिसऱ्या घरात राहते. दारावर सभेचे दोन शिपाई बसवले होते. लग्नाच्या वयाची तिची मुलगी मेन्गार्दा खिडकीपाशी पाठ करून बसली होती आणि आम्ही निघेपर्यंत वळली नाही. त्या खिडकीतून चौकाचा कोपरा दिसत होता.

“सही केलीत?” तादेआने विचारलं.

“अजून नाही. कप्तानाच्या बुटाला लोखंडी तळ होता का?”

“माझा नवरा उद्या मरणार आणि तुम्ही बूट विचारताय?”

“हो.”

“घरात मऊ कातडी बूट घालतो. त्याचा डावा गुडघा वाकत नाही, लोखंड बांधलं तर या दगडी जिन्यावरून गडगडत खाली जाईल. सगळे जोड मीच आवरते. तसला एकही नाही.”

कप्तानाचा चिटणीस सेर अग्नोलो मागच्या खोलीत सापडला. कप्तानाला लिहिता येत नसल्याने सगळा पत्रव्यवहार याच्याकडे, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर होता. तो घामाने निथळत होता.

“चिठ्ठीचं अक्षर माझं नाही,” आम्ही विचारायच्या आतच तो म्हणाला. “मोहोर कप्तानाच्या बोटातली आहे. ती अंगठी त्यांनी माझ्याकडे कधी दिली नाही. पत्र पुढे ठेवायचो, ते स्वतः दाबायचे. माझ्यावर भरवसा नव्हता म्हणा ना.”

“आणि लोखंडी तळपट्टी?”

“मी खेचरावर बसून सगळ्यात मागे, पेट्यांबरोबर येतो. पुढे कोण काय घालतं ते मला धुळीत काय दिसणार?”

मला तो खोटारडा वाटला. बाहेर आल्यावर तसं बोललोही. साहेब म्हणाले, “घाबरट आहे. घाबरट माणूस खोटं बोलतो तेव्हा जास्त बोलतो. चल, आता ज्याचा पाय आहे त्यालाच विचारू.”

तळघरात कप्तान गवतावर पाय पसरून बसला होता. साठीचा, रुंद हाडाचा. कानाचा वरचा तुकडा कधीतरी तलवारीने गेलेला. पायांत मऊ कातडी बूट होते.

“वर माझं चित्र कसं झालंय?” त्याने विचारलं. “पहारेकरी म्हणतो, जीभ फार लांब काढलीय.”

“लोखंडी तळपट्टीबद्दल सांगा,” साहेब म्हणाले.

कप्तानाचा चेहरा कोरा झाला. “ती तुम्हाला कुठे दिसली? गावात ती कुणी पाहिलेली नाही.”

“म्हणून तर विचारतोय.”

“माझा पाय रिकिबीतून निसटतो. म्हणून घोड्यावर चढताना डाव्या बुटाला ती पट्टी बांधतात. उतरलो की सोडतात. जो रिकीब धरतो तोच बांधतो, तोच सोडतो आणि आपल्या खोगीरपिशवीत ठेवतो. आमच्या फौजेत रिकीब धरणं हा मान आहे. तो माझ्यानंतरच्या माणसाचा.”

“म्हणजे तुमच्या दुय्यम ब्रांदोलोचा.”

“चौदा वर्षं.”

“तिच्यावर खिळे किती?”

“चार. एक पितळी. मरियमच्या जन्माच्या सणाला, सप्टेंबरात, लोहार म्हणाला लोखंडी खिळा संपला, तेव्हा लगामाचा पितळी मारला.” तो थांबला. “तुम्हाला हे कशाला हवंय?”

“आणखी एकच विचारतो. चढताना अंगठीचं काय करता?”

कप्तानाने आपलं उघडं बोट चोळलं. “लोखंडी हातमोज्यात ती मावत नाही,” तो म्हणाला. “काढून त्याच्याच हातात देतो.”

४

कप्तानाच्या भाडोत्री फौजेची छावणी नदीपलीकडे होती. ब्रांदोलो आपल्या तंबूसमोर उकडलेले चेस्टनट सोलत बसला होता. चाळिशीचा, देखणा, सगळ्यांशी गोड बोलणारा. आम्हाला पाहून तो उठला आणि त्याने साहेबांसाठी स्वतःची तिपाई पुसली.

“माझा विश्वासच बसत नाही, साहेब,” तो म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरले होते. “बापासारखा होता मला तो. पण मोहोर त्याचीच. मी पोरांना सांगितलंय, गप्प राहा, कायद्याचं काम कायद्याला करू द्या.”

“ते बरं केलंत. नाहीतर तीनशे भाले वेशीवर आले असते.”

“आले असते ना. अजूनही धुसफूस आहे. पण मी आहे तोवर काळजी नको.”

साहेबांनी एक चेस्टनट उचलला. परगावच्या छावणीत खायला आम्हाला मनाई नव्हती, पण त्यांनी तो नुसता हातात फिरवला.

“देहदंड झालेल्या माणसाचं सामान मला नोंदवावं लागतं,” ते म्हणाले. “त्याची एक लोखंडी तळपट्टी तुमच्याकडे असते म्हणतात.”

ब्रांदोलोची बोटं चेस्टनटवर थांबली. फार नाही, एक श्वासभर.

“होती,” तो म्हणाला. “ऑगस्टात नदी ओलांडताना पिशवीतून वाहून गेली. तेव्हापासून म्हातारा तसाच रिकिबीत पाय घालतो, शिव्या देत.”

“ऑगस्टात?”

“संत लोरेन्झोच्या दिवशी. पाणी खोगिरापर्यंत होतं, तारीख कशी विसरेन?”

साहेबांनी चेस्टनट परत ताटात ठेवला, आभार मानले आणि आम्ही निघालो. पुलावर येईपर्यंत मी कसाबसा गप्प राहिलो.

“ऑगस्टात बुडालेल्या पट्टीला सप्टेंबरात पितळी खिळा बसला,” मी म्हणालो.

“आणि त्यानंतर तो खिळा शनिवारी भिंतीवर उमटला,” साहेब म्हणाले. “कप्तानाचे कपडे सगळे बायकोकडे, कागद चिटणिसाकडे. चित्रकाराला समोर ठेवायला कप्तानाची एखादी खरी वस्तू हवी होती, आणि ब्रांदोलोच्या ताब्यात तेवढीच एक वस्तू होती. गाववाल्यांनी ती कधी पाहिलीच नाही म्हणून त्याला भीतीही वाटली नाही. अंगठी तर कप्तान स्वतःच त्याच्या तळहातावर ठेवायचा. कोऱ्या कागदावर मोहोर दाबायला किती वेळ लागतो?”

“मग कप्तान सुटला,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. अकरा वर्षं कोर्टात काढूनही माणूस इतका भाबडा राहू शकतो.

पुलावरून साहेबांना नगरसभेची भिंत दिसत होती.

५

सभेत नऊ जण बसतात. प्रमुख होता बिन्दाच्चो, लोकरीचा व्यापारी. तिळभर मान हलवून मोठी कामं करणारा माणूस. साहेबांनी सांधे, फडका, पट्टी, खिळा, अंगठी असं सगळं एकेक करून मांडलं. मी लिहीत होतो. मधे कुणीही अडवलं नाही. कुणी आश्चर्यही दाखवलं नाही.

“चित्राचा हुकूम शनिवारी याच खोलीतून गेला,” साहेबांनी शेवट केला. “ब्रांदोलोने मोहोर दिली, पट्टी दिली. चिठ्ठी कुणी लिहिली आणि फेरीवाल्याच्या बुटात ती घालून त्याला पळायला कुणी सांगितलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

बिन्दाच्चोने घसा साफ केला. “मेस्सेर तेबाल्दो, महागाचा न्यायाधीश आणला त्याचं चीज झालं. वसंतापासून चौकात लोक आमच्याआधी त्याला मुजरा करायचे. आज मुजरा, उद्या तो या खुर्चीत. असं कुठे कुठे झालंय ते तुम्ही पाहिलंय. ते असो. आता पुढचं सांगा.”

“पुढचं काय? तो निर्दोष आहे.”

“आहे. सोडला. उद्या संध्याकाळी तो तीनशे भाल्यांच्या पुढे असेल. आम्ही त्याला साखळीत घातलं, चौकात उलटा टांगला. तो आमचं काय करील?”

साहेबांनी हातातला फडका टेबलावर ठेवला.

“काल तो फक्त मोठा होता,” बिन्दाच्चो म्हणाला. “आज आम्ही त्याचे गुन्हेगार आहोत. दोषी असता तर एखाद्वेळी हद्दपारीवर भागवलं असतं. निर्दोष आहे म्हणून सोडता येत नाही.”

“मी सही करणार नाही,” साहेब म्हणाले.

“नका करू. शिक्षा सभाही देऊ शकते. तुम्ही बाहेर जाऊन फौजेला सगळं सांगूही शकता, तुम्हाला कोण अडवणार? फक्त त्यानंतर या गावात काय होईल ते आधी डोळ्यांसमोर आणा.”

पिशवी फिरली. काळा दाणा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार. टेबलावर आठ काळे पडले आणि एक पांढरा. तो पांढरा कुणाचा ते मला आजवर कळलं नाही. नंतर त्यांनी मला निकाल लिहायला सांगितलं. साहेबांनी मान फिरवली आणि मी लिहिला. ‘फितूर’ हा शब्द माझ्या हातचा आहे. त्याची लाज मला आजही वाटते आणि ती कमी करून सांगायची माझी इच्छा नाही.

६

“सांगा मला,” साहेब तळघरात कप्तानाला म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “मी आता नदी ओलांडून गेलो तर तासाभरात तुमची माणसं वेशीवर असतील. तुम्ही सुटाल. मी जाऊ का?”

कप्तानाला तोवर सगळं कळलं होतं. ब्रांदोलोचं नाव ऐकून त्याने एकदाच डोळे मिटले होते.

“सान पोलोमध्ये मी काय केलं ते ऐकलंय?” त्याने विचारलं.

“ऐकलंय.”

“काय ऐकलंय ते सोडा. मी पोरांना दोन तास गाव लुटायची मोकळीक दिली होती. तीन दिवस चाललं. मी स्वतः गल्ल्यांतून ओरडत फिरलो, माझ्याच दोन माणसांना माझ्या हाताने कापलं, तरी थांबलं नाही. एक बाई पाळणा घेऊन विहिरीत गेली. मी तिथे उभा होतो.” त्याने गवताची काडी मोडली. “माझी माणसं दार फोडताना घर कुणाचं ते विचारत नाहीत. धान्यबाजारामागचं तिसरं घर वेशीपासून किती लांब आहे? मी साखळीतून सुटून तिथे पोचेपर्यंत काय शिल्लक असेल?”

कप्तान साखळी ओढत पुढे सरकला.

“बायकोला आणि पोरीला आधी बाहेर काढतील?”

“नाही. मी मागितलं. तुमचं... ते झाल्यावर, असं म्हणतात. माझ्याच शिपायांबरोबर तुमच्या मेव्हण्याच्या गावी पाठवीन.”

“मग तुम्ही नदी ओलांडू नका,” कप्तान म्हणाला. “सान पोलोची बाई मला रोज दिसते. दुसरी नको.”

आम्ही निघालो तेव्हा त्याने हाक मारली. “ते चित्र पुसता येईल का? पुढेमागे मेन्गार्दाची पोरं या चौकातून जातील. नाव वाचून त्यांनी मान खाली घालू नये, एवढंच.”

“पुसतो,” साहेब म्हणाले. “वचन देतो.”

७

शनिवारी दुपारी चौक भरला. सभेने फौजेतल्या चाळीस जुन्या शिलेदारांना निःशस्त्र आत घेतलं होतं, म्हणजे शिक्षा रीतसर झाली हे त्यांनी पाहावं. चौथरा त्याच भिंतीखाली होता. कप्तान अनवाणी आला, एकट्याने, कुणाचा हात न धरता.

चौथऱ्याची पहिली पायरी उंच होती. कप्तान तिच्यापाशी थांबला. गुडघा वाकेना. जल्लाद पुढे सरकला, पण शिलेदारांमधून कुरकुर उठली, कारण कप्तानाला वर चढवायचा मान कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं. सगळ्या माना ब्रांदोलोकडे वळल्या. त्याच्याकडे दुसरा मार्ग राहिला नाही. तो पुढे आला, चौदा वर्षांच्या सवयीने वाकला आणि त्याने हातांची ओंजळ जुळवली.

कप्तानाने उघडा डावा पाय त्या ओंजळीत ठेवला. मी चार हातांवर कागद घेऊन उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“आज पट्टी विसरलास,” कप्तान म्हणाला.

ब्रांदोलोची ओंजळ सुटली आणि कप्तानाला त्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मग तो वर गेला. गर्दीकडे, शिलेदारांकडे त्याने एकदा पाहिलं. तो ओरडला असता तर एका क्षणात सगळं पेटलं असतं. त्याने धान्यबाजाराच्या दिशेने तोंड केलं आणि मान खाली घातली. जल्लादाला एकच घाव पुरला.

तादेआ आणि मेन्गार्दा तासाभरात उत्तरेच्या वेशीतून गेल्या. दोघींपैकी कुणीच मागे पाहिलं नाही.

त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर साहेबांनी लाल झगा उतरवला, बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि भर चौकात चुना कालवायला बसले. डागांनी भरलेले ते हात सगळ्या गावाने पाहिले. बिन्दाच्चो खिडकीत आला, पण त्याने अडवलं नाही. डोकं उडालं होतं, त्याचं काम झालं होतं. साहेब शिडीवर चढले आणि मी खालून बादल्या देत राहिलो. आधी नाव गेलं. मग तोंड, छाती, पोट, मांड्या. मग ते खाली उतरले आणि हात धुऊ लागले.

वर दोर आणि डावा पाय तसाच होता. पांढऱ्या भिंतीवर तेवढाच उरल्यामुळे आता तो जास्तच डोळ्यांत भरत होता.

“चुना संपला का?” मी विचारलं.

“भरपूर आहे.”

“कप्तानाला सगळं पुसायचं वचन दिलं होतं तुम्ही.”

“कप्तानाचं जे होतं ते पुसलं,” साहेब म्हणाले. “तो पाय त्याचा नाही. तो ब्रांदोलोच्या पिशवीतून आलाय.”

रविवारी त्याच भिंतीखाली सभेने ब्रांदोलोच्या हातात सेनापतीची काठी दिली. ते चाळीस शिलेदार मागे रांगेत उभे होते. शेवटच्या रांगेतला एक पिकल्या दाढीचा माणूस काठीकडे बघतच नव्हता. तो वर बघत होता, डोळे बारीक करून, जणू त्या बुटाच्या पट्टीवरचे खिळे मोजतोय. मग त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. माझी पाचावर धारण बसली. साहेबांनी अख्ख्या गावाच्या जिवाचा जुगार मांडलाय ते मला तेव्हा कळलं. पण शिलेदार गप्प राहिले आणि सोमवारी फौज ठरल्याप्रमाणे हिवाळी छावणीकडे निघाली, डोंगरापलीकडे, चार दिवसांच्या वाटेवर.

नोव्हेंबरात, संत मार्तिनोच्या सणाला, सहा महिने संपले म्हणून आम्ही पेट्या बांधत असताना, खेचरवाल्यांनी बातमी आणली. घाटात पहिला बर्फ पडल्यावर फौजेने वाटेतच ब्रांदोलोची खोगीरपिशवी उलटी केली. आत एक लोखंडी पट्टी निघाली, चार खिळ्यांची, आणि तिच्या खाचांत चित्रकाराचा चुना वाळून बसला होता. घाट खेचरांखेरीज सगळ्यांना बंद झाला होता, फौजेला मागे फिरायला वाट नव्हती, म्हणून मोन्तेविरा वाचली. ब्रांदोलो ओकच्या झाडाला टांगलेला सापडला.

साहेब पेटीची दोरी आवळत होते.

“कुठल्या पायाने?” त्यांनी विचारलं.

“डाव्या,” खेचरवाला म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. “खटला न चालवता मी एका माणसाला मारलं, लान्दुच्चो,” खेचरवाला गेल्यावर ते म्हणाले. “हेही लिहून ठेव. त्या दिवशी सभेत तू निकाल लिहिलास, तो आणि हे शेजारी शेजारी असू दे.”

म्हणून मी हे लिहिलं.